मुली जास्त चिकाटीच्या आणि पाचवीची मुले कमी चिकाटीची, असे निष्कर्षात लिहावे का?

तिसरी_ब (प्रश्न)

सर्वांना सप्रेम नमस्कार.

मी मध्य मुंबईतील एका मराठी माध्यमाच्या शाळेत प्राथमिक वर्गांना शिकवते आणि नोकरी सांभाळून एम.एड. करते आहे. तिसरी, चौथी आणि पाचवीच्या मुलांची शैक्षणिक चिकाटी मोजायची आणि मुलगे-मुली व इयत्ता यांनुसार तिची तुलना करायची, असा लघुशोधप्रबंधाचा विषय आहे. साधन म्हणून मी वीस विधानांची पदनिश्चयन श्रेणी तयार केली. काही विधाने अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अँजेला डकवर्थ यांच्या ‘ग्रिट’ (चिकाटी) श्रेणीवरून मराठीत आणली, काही वर्गातल्या अनुभवावरून स्वतः लिहिली आणि प्रत्येक विधानापुढे ‘नेहमी’पासून ‘कधीच नाही’पर्यंत पाच पर्याय ठेवले. तज्ज्ञांकडून विधाने तपासून घेतली, दुसऱ्या शाळेत पथदर्शी चाचणी घेतली आणि क्रॉनबाखचा अल्फाही मार्गदर्शकांना समाधानकारक वाटला. प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्यांकडून उत्तरे भरून घेतली असून आता सारणी माझ्यासमोर आहे.

मुलींची सरासरी मुलग्यांपेक्षा जास्त आली आहे. तिसरीची सरासरी चौथीपेक्षा आणि चौथीची पाचवीपेक्षा जास्त आहे. लिंगभावासाठी टी-चाचणी आणि इयत्तेसाठी प्रसरण विश्लेषण (सरासरींतला फरक तपासण्याच्या संख्याशास्त्रीय रीती) करावे, फरक सार्थ, म्हणजे निव्वळ योगायोगाचा नाही असा, ठरला की निष्कर्ष लिहून प्रकरण पूर्ण करावे, असे मार्गदर्शकांचे म्हणणे आहे.

ते वाक्य लिहायला माझे मन धजत नाही, कारण ही मुले मी रोज पाहते. तिसरीतल्या एका मुलीने वीसही विधानांना ‘नेहमी’वर खूण केली आहे, तीच मुलगी भागाकारात बाकी उरली की पेन्सिल खाली ठेवून माझ्याकडे पाहत बसते. पाचवीतल्या एका मुलाने मधल्या सुट्टीत डबा न उघडता अपूर्णांकांची एकच बेरीज पाच वेळा खोडून पुन्हा मांडलेली मी स्वतः पाहिली आहे. त्याने बहुतेक विधानांना ‘कधीकधी’ असे उत्तर दिले आहे. एक-दोन मुलांवरून श्रेणी चुकीची ठरत नाही, हे मला समजते. तरीही वय वाढते तशी चिकाटी कमी होते, असे शाळेच्या नावानिशी लिहून ठेवण्यापूर्वी मला जाणून घ्यायचे आहे की, माझ्या श्रेणीने तिसरीत आणि पाचवीत, मुलींत आणि मुलग्यांत, एकच गोष्ट मोजली आहे हे कसे तपासायचे? आणि तसे नसेल, तर हाती आलेल्या माहितीचे काय करायचे?

तराजू

नमस्कार ताई. मी शैक्षणिक मापन हा विषय शिकवतो, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

आपण उल्लेख केलेला अल्फा ही विश्वसनीयतेची खूण आहे. विधाने एकमेकांशी किती सुसंगत उत्तरे मिळवतात, एवढेच त्यातून कळते. किराणा दुकानातल्या तराजूला पासंग असेल, तर तीच साखर दहा वेळा तोलली तरी दहाही वेळा तेच वजन येते. वजनात सुसंगती असते, वजन मात्र खरे नसते. तुलनात्मक अभ्यासात याहून कठीण प्रसंग असा की, मुलींच्या बाजूच्या पारड्याला एक पासंग आणि मुलग्यांच्या बाजूला दुसरा असू शकतो, आणि दोन्ही गटांत अल्फा उत्तम येऊनही सरासरीतला फरक हा केवळ पासंगातला फरक असू शकतो.

हे तपासण्याच्या रीतीला मेझरमेंट इन्व्हेरियन्स म्हणतात. मराठीत आपण मापनाची समतुल्यता म्हणू. पुष्टीकारक घटक विश्लेषणात, म्हणजे विधाने आपण कल्पिलेल्या गटांत खरोखर बसतात का हे तपासण्याच्या संख्याशास्त्रीय रीतीत, ती पायरीपायरीने पाहिली जाते. पहिली पायरी अशी की, दोन्ही गटांत विधानांची मांडणी एकाच प्रकारे होते का, म्हणजे जी विधाने मुलींत एकत्र येतात तीच मुलग्यांतही एकत्र येतात का. दुसऱ्या पायरीवर प्रत्येक विधानाचा मूळ गुणाशी असलेला संबंध दोन्हीकडे सारख्याच जोराचा आहे का, ते पाहतात. तिसरी पायरी आपल्यासाठी निर्णायक आहे, कारण चिकाटी सारखीच असलेली एक मुलगी आणि एक मुलगा त्या विधानाला सारखेच उत्तर देतील का, हे तिथे तपासले जाते. ही तिसरी पायरी टिकली तरच सरासरींची तुलना करण्याचा अधिकार मिळतो. प्रत्येक पायरीवर सीएफआय हा, कल्पिलेली मांडणी माहितीशी किती जुळते ते सांगणारा, निर्देशांक ०.०१ पेक्षा जास्त घसरू नये, असा चेउंग आणि रेन्सवोल्ड यांनी २००२ मध्ये सुचवलेला संकेत बहुतेक संशोधक पाळतात. एक-दोन विधानेच अडत असतील, तर ती मोकळी ठेवून उरलेल्या विधानांच्या आधारे तुलना करण्याची सोयही आहे. तिला आंशिक समतुल्यता म्हणतात. ‘जास्प’ या मोफत प्रणालीत हे सर्व करता येते. आपले पाच पर्याय क्रमदर्शक आहेत आणि प्रत्येक गटातली मुले फार नाहीत, म्हणून निकाल सावधपणे वाचावा लागेल.

संगणकापूर्वी एक साधी तपासणी हातानेही करता येते आणि मी विद्यार्थ्यांना ती आधी करायला लावतो. एकूण गुणांनुसार मुलांचे चार-पाच गट करावेत. मग एकाच गटातल्या, म्हणजे एकूण गुण साधारण सारखे असलेल्या, मुली आणि मुलगे एकेका विधानाला काय उत्तर देतात ते शेजारी शेजारी मांडावे. बहुतेक विधानांत दोघांची उत्तरे सारखी असतील. एखाद्या विधानात प्रत्येक गटात मुलीच वर दिसल्या, तर ते विधान चिकाटीबरोबर आणखी काहीतरी मोजत आहे असे समजावे. मँटेल-हेन्सेल पद्धत याच विचाराचे गणिती रूप आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या साधनाविषयी. डकवर्थ आणि सहकाऱ्यांची २००७ ची मूळ श्रेणी बारा विधानांची होती, २००९ ची संक्षिप्त श्रेणी आठ विधानांची आहे, आणि दोन्हींत दोन घटक आहेत: प्रयत्नांतील सातत्य आणि आवडीतील स्थैर्य. आवडीचा घटक मोठ्यांच्या दीर्घकालीन ध्येयांसाठी कल्पिलेला आहे. आठ वर्षांच्या मुलाची आवड दर महिन्याला बदलणे हे त्याच्या वयाला शोभणारे आहे, त्याला चिकाटीचा अभाव म्हणता येणार नाही. क्रेडे, टायनन आणि हार्म्स यांनी २०१७ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हाही शैक्षणिक यशाशी संबंध प्रामुख्याने प्रयत्नांच्या घटकाचाच दिसला. आपल्या वीसपैकी किती विधाने आवडीच्या घटकातली आहेत, ते पाहून ती वेगळी काढावीत असे मी सुचवेन.

पालिका_शिक्षिका

वरचे उत्तर अतिशय उपयुक्त आहे, पण आकडेमोडीला बसण्याआधी बाईंनी आपली वीस विधाने मुलांच्या कानांनी ऐकावीत असे मला वाटते. गोवंडी-मानखुर्दच्या बाजूला पालिकेच्या शाळेत शिकवताना मी स्वतः अशा प्रश्नावल्या अनेक वेळा मुलांकडून भरून घेतल्या आहेत.

पहिली अडचण आपल्या भाषेतली आहे. ‘मी अवघड उदाहरण सोडवत नाही’ आणि ‘मी अवघड उदाहरण सोडत नाही’ या दोन वाक्यांत एका ‘व’चा फरक आहे आणि अर्थ नेमका उलटा आहे. जे मूल अजून अक्षरे जोडत जोडत वाचते, ते या दोन वाक्यांत गोंधळणारच, आणि त्याचा गोंधळ आपल्या सारणीत चिकाटीचा अभाव म्हणून नोंदला जाईल. नकारार्थी विधानाला ‘कधीच नाही’ असे उत्तर देणे म्हणजे दोन नकारांचा हिशेब मनात करणे; ते पाचवीच्या मुलाला जमते, तिसरीच्या मुलाला बहुधा जमत नाही. हर्बर्ट मार्श यांनी १९८६ मध्येच दाखवले आहे की, लहान मुले, आणि त्यांतही वाचनात मागे असलेली मुले, नकारार्थी विधानांना चुकीच्या दिशेने उत्तरे देतात. म्हणजे इयत्तांमधल्या फरकात वाचनातला फरक मिसळलेला आहे. विधाने मोठ्याने वाचून दाखवली होती का, आणि कोणी वाचून दाखवली होती?

दुसरी अडचण क्रियापदाची. इंग्रजीतील विधानाला लिंग नसते, आपल्या ‘करतो’ला असते. छापील श्रेणीत सगळीकडे ‘मी पुन्हा प्रयत्न करतो’ असे असेल, तर तिसरीतल्या मुलीला ते कुणा मुलाबद्दलचे वाक्य वाटू शकते. आणि ‘करतो/करते’ असे तिरकी रेघ देऊन छापले, तर मुले दोन्ही शब्द वाचतात आणि वाक्याचा धागा सुटतो. कोल्हापूरकडच्या काही घरांतल्या मुली स्वतःबद्दल ‘मी जातो’ असेच बोलतात, ही गोष्ट आणखी निराळी. यावर मला सापडलेला उपाय असा की, विधान भूतकाळात आणि सकर्मक क्रियापदात लिहावे. ‘या आठवड्यात चुकलेले उदाहरण मी पुन्हा सोडवले’ किंवा ‘पहिल्यांदा जमले नाही तेव्हा मी दुसरी रीत करून पाहिली’ ही वाक्ये मुलगा आणि मुलगी दोघांच्याही तोंडी जशीच्या तशी बसतात. शिवाय ‘नेहमी’ आणि ‘बहुतेक वेळा’ यांतला सूक्ष्म भेद करण्याऐवजी मुलाला एक ठरावीक प्रसंग आठवायचा असतो, आणि ते त्या वयाला सोपे जाते.

तिसरी अडचण घराची आहे आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘घरचा अभ्यास अर्धवट ठेवून मी उठत नाही’ असे विधान आपल्या श्रेणीत असणार, कारण ते जवळपास प्रत्येक श्रेणीत असते. माझ्या वर्गातली एक मुलगी अभ्यास अर्धवट ठेवून उठते, कारण पाणी येण्याची वेळ ठरलेली असते, हंडे तिलाच भरावे लागतात आणि धाकटा भाऊ रडायला लागला की त्यालाही तिलाच घ्यावे लागते. ती प्रामाणिकपणे ‘कधीकधी’वर खूण करते. त्याच तुकडीतल्या दुसऱ्या मुलीला संध्याकाळी खाली खेळायला पाठवत नाहीत, त्यामुळे ती वही घेऊन बसून राहते आणि ‘नेहमी’वर खूण करते. या दोघींत चिकाटी कोणाची जास्त, हे त्या विधानावरून सांगता येईल का? ज्या मुलाला पहिलीपासून खासगी शिकवणी आहे, त्याचा अभ्यास रोज पूर्ण होतो, पण अडलेले उदाहरण शिकवणीतल्या ताई सोडवून देतात. आपण मुलाचा गुण मोजायला गेलो आणि त्याच्या खोलीची लांबी-रुंदी मोजून आलो, असे माझे अनेकदा झाले आहे.

आणि सुविचारांचा विसर पडू देऊ नये. आपल्या शाळांत रोज फळ्याच्या कोपऱ्यात सुविचार असतो आणि परिपाठात तो मोठ्याने म्हटला जातो. ‘प्रयत्नांती परमेश्वर’ हे तिसरीच्या मुलाला पाठ असते. ‘मी प्रयत्न सोडत नाही’ हे विधान त्याला प्रश्नासारखे वाटतच नाही, त्याला तो सुविचारच वाटतो आणि सुविचाराला ‘कधीकधी’ असे उत्तर द्यायला त्याचा हात धजत नाही, विशेषतः समोर स्वतःच्याच बाई उभ्या असताना. पाचवीपर्यंत हा संकोच थोडा कमी होतो. आपल्या ‘घटत्या चिकाटी’चा काही भाग हा वाढता प्रामाणिकपणा असू शकतो, याचा विचार जरूर करावा.

निरीक्षण_वही

इयत्तेच्या मुद्द्यावर बालमानसशास्त्राच्या बाजूने थोडी भर घालतो.

जॉन निकोल्स यांनी १९७८ मध्ये पाच ते तेरा वर्षांच्या मुलांत एक गोष्ट तपासली. दोन मुलांना सारखेच गुण मिळाले, त्यांपैकी एकाने पुष्कळ मेहनत केली आणि दुसऱ्याने थोडी. तर हुशार कोण? लहान मुलांच्या दृष्टीने मेहनत आणि हुशारी या वेगळ्या गोष्टी नसतात, जो जास्त मेहनत करतो तोच हुशार. अकरा-बाराव्या वर्षाच्या आसपास मुलांना समजू लागते की, सारख्याच गुणांसाठी ज्याला कमी मेहनत पुरली तो अधिक क्षमतेचा असला पाहिजे. हा बदल तिसरी ते पाचवीच्या टप्प्यात चालू असतो. त्यामुळे ‘मला गणितासाठी खूप मेहनत करावी लागते’ हे विधान तिसरीत स्वतःची प्रशंसा असते आणि पाचवी-सहावीत पोहोचेपर्यंत तीच आपल्या उणेपणाची कबुली होऊ लागते. शब्द तेच राहिले आणि विधान बदलले. तराजू यांनी सांगितलेली तिसरी पायरी इयत्तांच्या तुलनेत कोसळण्याची शक्यता मला म्हणूनच जास्त वाटते.

दुसरे असे की, ‘मी मेहनती आहे’ असे म्हणताना मूल कोणाशी तुलना करते? संशोधक याला रेफरन्स बायस म्हणतात; मोजपट्टीचा संदर्भच वेगळा असणे, असे म्हणता येईल. मार्टिन वेस्ट आणि सहकाऱ्यांचा बॉस्टनमधील २०१६ चा अभ्यास या बाबतीत प्रसिद्ध आहे. तिथल्या कडक शिस्तीच्या चार्टर शाळांतल्या (सरकारी निधीवर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळांतल्या) मुलांची चाचण्यांतली प्रगती अधिक होती, पण त्यांनी स्वतःच्या चिकाटीला आणि कर्तव्यदक्षतेला दिलेले गुण इतर शाळांतल्या मुलांपेक्षा कमी होते. जिथे सगळेच जास्त कष्ट करतात, तिथे ‘मेहनती’ म्हणवून घेण्याची पातळी उंचावते. आपल्याकडे पाचवीचे वर्ष अनेक वर्षे शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीचे होते, आणि २०२३-२४ पासून पाचवीला वार्षिक परीक्षा व पुनर्परीक्षाही आली. त्या वर्षात मुलाची मोजपट्टी ताणली जाणे स्वाभाविक आहे. आपल्या त्या मधल्या सुट्टीतल्या मुलाने ‘कधीकधी’ का लिहिले, याचे उत्तर इथे असू शकेल. डकवर्थ यांनी स्वतःच डेव्हिड येगर यांच्यासह २०१५ मध्ये लिहिले आहे की, अशा स्वयंमूल्यांकनाच्या गुणांवरून शाळांची परस्पर तुलना करू नये.

तिसरी_ब

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मी श्रेणी पुन्हा समोर घेतली. वीसपैकी सहा विधाने नकारार्थी आहेत आणि त्यांतल्या एका विधानात ‘सोडवत नाही’ असेच शब्द आहेत. तिसरीच्या दोन्ही तुकड्यांत त्या विधानाची उत्तरे बाकीच्या विधानांशी अजिबात जुळत नाहीत. अल्फा एकूण वीस विधानांचा काढला होता, इयत्तावार काढला नव्हता, म्हणून हे आजवर नजरेतून निसटले. विधाने मीच वाचून दाखवली होती आणि मी त्यांतल्या एका तुकडीची वर्गशिक्षिकाही आहे, तेव्हा पालिका_शिक्षिका यांचे निरीक्षण माझ्या बाबतीत तंतोतंत लागू पडते.

आता आणखी एक विचारते. मुलांना विचारण्याऐवजी त्यांना काम देऊन चिकाटी पाहता येईल का? मार्गदर्शकांनी एक कल्पना सुचवली होती की, न सुटणारे कोडे द्यावे आणि मूल किती मिनिटे झटते ते घड्याळ लावून मोजावे. मला ते करवत नाही, पण माझी हळवी समजूत बाजूला ठेवून त्याचे गुणदोष समजून घ्यायचे आहेत.

निरीक्षण_वही

आपली शंका हळवेपणातून आलेली असली तरी ती शास्त्राच्या दृष्टीनेही रास्त आहे.

न सुटणाऱ्या कोड्यावर घालवलेला वेळ हा चिकाटीचा शुद्ध पुरावा नसतो. जे मूल कोडे सुटणार नाही हे लवकर ओळखते ते लवकर थांबते, आणि त्याला कमी चिकाटीचे ठरवणे चूक आहे. बाईंना वाईट वाटेल म्हणून बसून राहणारे मूलही पुष्कळ मिनिटे नोंदवते, आणि ‘उठू नकोस, पूर्ण कर’ हे घरी कोणाला अधिक वेळा ऐकवले जाते ते आपण जाणतोच. म्हणजे मुली-मुलग्यांच्या तुलनेतला पासंग इथेही शिल्लक राहतो. त्याखेरीज मुलाला जाणूनबुजून अपयश देण्याचा नैतिक प्रश्न आहे. पालकांची संमती तर हवीच, आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात वर्षांवरील मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो. ती तत्त्वे आरोग्यविषयक संशोधनासाठी आहेत, पण शाळेतल्या संशोधनानेही ती पाळावीत असे माझे ठाम मत आहे.

याहून चांगला नमुना इस्तंबूलच्या प्राथमिक शाळांत वापरला गेला. सुले आलान, तिओदोरा बोनेवा आणि सेदा एर्ताच यांचा तो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना अंकांच्या चौकटीतून ठरावीक बेरजेच्या जोड्या शोधायच्या होत्या. अवघड चौकट घ्यायची आणि यश आल्यास मोठे बक्षीस मिळवायचे, की सोपी घेऊन लहान बक्षिसावर समाधान मानायचे, ही निवड मुलांची होती. पहिला प्रयत्न फसल्यानंतर मूल पुन्हा अवघड चौकट निवडते का, हे त्यात पाहिले गेले. इथे अपयश येण्याची शक्यता असते, पण यशाची वाटही खुली असते आणि निर्णय मुलाचा असतो.

आपल्याला हे खडू-फळ्याच्या खर्चात करता येईल. प्रत्येक मुलाला त्याच्या स्वतःच्या पातळीपेक्षा एक पायरी वरचे आणि एक पायरी खालचे अशी दोन पाकिटे तयार ठेवावीत. पातळी प्रत्येकाची वेगळी काढावी, इयत्तेची सरसकट धरू नये, नाहीतर पाचवीचे गणितात कच्चे मूल आपोआप ‘सोडून देणारे’ ठरेल. मुलाने पहिल्यांदा काय निवडले, चुकल्यावर काय निवडले, दुसऱ्या प्रयत्नात रीत बदलली का, मदत मागितली तर उत्तर मागितले की इशारा मागितला, एवढ्या चार नोंदी पुरेत. शेवटच्या नोंदीकडे विशेष लक्ष द्यावे असे मी म्हणेन, कारण इशारा मागणारे मूल अजून कामातच असते आणि आपल्या बहुतेक श्रेणी त्याला परावलंबी ठरवून टाकतात. बैठकीचा शेवट मात्र प्रत्येकाला सुटेल अशा उदाहरणाने करावा.

एक सावधगिरी इथेही लागेल. अवघड पाकीट उचलण्यात आत्मविश्वास आणि जोखीम घेण्याची सवयही मिसळलेली असते, आणि त्या बाबतीत मुलगे-मुलींना मिळालेले वळण सारखे नसते. म्हणून पहिल्या निवडीपेक्षा अपयशानंतरच्या निवडीला महत्त्व द्यावे. एका छोट्या कामावरून मुलाचे भविष्य वाचण्याचा मोहही टाळावा. स्टॅनफर्डच्या प्रसिद्ध मार्शमॅलो प्रयोगाचे असेच झाले होते; समोरची मिठाई लगेच न खाता थांबणाऱ्या मुलांना पुढे जास्त यश मिळते, असा संबंध त्यावरून जोडला गेला. २०१८ मध्ये वॉट्स, डंकन आणि क्वान यांनी मोठ्या आणि अधिक विविध नमुन्यावर पाहिले, तेव्हा घरची परिस्थिती आणि मुलाची आधीची बौद्धिक तयारी विचारात घेतल्यावर तो संबंध बराच क्षीण झाला.

तराजू

चर्चा एका बाजूला फार झुकू नये म्हणून एक मुद्दा नोंदवतो. मापनात दोष असू शकतो याचा अर्थ फरक नाहीच, असा होत नाही. डकवर्थ आणि सेलिगमन यांच्या २००६ च्या आठवीच्या मुलांवरील अभ्यासात मुली स्वयंशिस्तीत पुढे होत्या, आणि तो फरक केवळ त्यांच्या स्वतःच्या सांगण्यात नव्हता. पालक आणि शिक्षकांच्या मूल्यांकनांत तो होता, आणि आजचे पैसे सोडून पुढच्या आठवड्यात जास्त घेण्याच्या प्रत्यक्ष निवडीतही होता. तेव्हा ताईंच्या आकडेवारीतला मुलींचा वरचढपणा काही अंशी खरा असू शकतो. तपासणीनंतर तो टिकला, तर तो संकोच न बाळगता लिहावा. त्याबरोबर कोहेनचा डी काढून फरक किती मोठा आहे तेही सांगावे. सरासरीत मुली पुढे असल्या तरी दोन्ही गटांतली बहुसंख्य मुले एकमेकांच्या पट्ट्यातच असतात, आणि ही गोष्ट एका आलेखातून वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येते.

इयत्तेबाबत मात्र मी अधिक कडक राहीन. प्रत्येक इयत्तेच्या दोनच तुकड्या असल्यामुळे इयत्तेचा परिणाम आणि त्या दोन वर्गशिक्षकांचा परिणाम वेगळा करण्याचा कोणताही मार्ग या माहितीत नाही. एका वर्गात ‘चूक झाली तर खोडू नका, खाली पुन्हा मांडा’ म्हणणाऱ्या बाई असतील, तर त्या संपूर्ण वर्गाची सरासरी हलते. शिवाय आपण तिसरीचीच मुले पाचवीपर्यंत पाहिलेली नाहीत. एकाच महिन्यात तीन वेगवेगळ्या पिढ्या पाहिल्या आहेत. २०२०-२१ मध्ये पहिलीला असलेल्या मुलांनी अक्षरओळख घरच्या एका मोबाइलवर केली, आणि मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग १५ डिसेंबर २०२१ ला उघडले. अशा मुलांची त्यांच्या मागच्या-पुढच्या तुकड्यांशी तुलना करून जे निघेल, त्याला वयाचा परिणाम म्हणता येत नाही. ‘वय वाढते तशी चिकाटी कमी होते’ हे वाक्य या आराखड्यातून कोणत्याही चाचणीने निघू शकत नाही, सार्थकता पातळी कितीही चांगली आली तरी.

मार्गदर्शकांशी बोलताना विषय बदलायचा आहे असे म्हणू नये. साधनाची सप्रमाणता (जे मोजायचे तेच ते मोजते का) तपासण्याचे एक प्रकरण वाढवायचे आहे, असे सांगावे. बहुतेक मार्गदर्शक याला आनंदाने होकार देतात.

पालिका_शिक्षिका

सरांच्या शेवटच्या सूचनेला जोडून सांगते. आकारिक मूल्यमापनासाठी आपण वर्षभर ज्या वर्णनात्मक नोंदी ठेवतो, त्या बाईंनी काढून पाहाव्यात. घाईत लिहिलेल्या ‘चिकाटीने काम करते’ या छापील वळणाच्या नोंदींचा उपयोग नाही. पण ‘वजाबाकीत हातचा चुकला, स्वतः शोधला’ अशी तारखेसह एखादी नोंद मिळाली, तर ती श्रेणीतल्या खुणेशी ताडून पाहण्यासारखी आहे. नोंद एका बाईंची आणि श्रेणी दुसऱ्या बाईंनी भरून घेतलेली, असे असेल तर आणखी चांगले. मुलींच्या नोंदींत ‘शांत’, ‘नीटनेटकी’ हे शब्द चिकाटीच्या जागी आले आहेत का, तेही पाहावे. माझ्या स्वतःच्या जुन्या नोंदींत ते आलेले मला आढळले आणि त्यानंतर मी माझी लिहिण्याची पद्धत बदलली.

तिसरी_ब

आज मार्गदर्शकांशी बोलणे झाले आणि त्यांनी प्रकरण वाढवायला परवानगी दिली. नकारार्थी सहा आणि आवडीच्या घटकातली चार विधाने बाजूला ठेवून उरलेल्या दहा विधानांवर मुली-मुलग्यांची समतुल्यता तपासणार आहे. इयत्तांची तुलना निष्कर्षातून काढून ती मर्यादांच्या प्रकरणात घेते आहे. दोन पाकिटांचे काम सध्या फक्त चौथीच्या एका तुकडीत, पालकसभेत संमती घेऊन आणि शेजारच्या वर्गाच्या बाईंच्या हातून करून पाहायचे ठरवले आहे.

त्याआधी सोमवारी परिपाठानंतर प्रत्येक इयत्तेतली चार मुले सोबत घेऊन बसणार आहे. एकेक विधान वाचायचे आणि ‘हे तुला काय विचारते आहे, ते तुझ्या शब्दांत सांग’ एवढेच म्हणायचे, असे योजले आहे. वीस विधानांपैकी ‘मी हाती घेतलेले काम तडीस नेतो’ हे मला सर्वांत सरळ वाटत होते. आज सहज एका तिसरीच्या मुलीला त्याचा अर्थ विचारला, तेव्हा ती म्हणाली, “बाई, तडी म्हणजे कुठे न्यायचे?” त्या विधानाला तिने ‘नेहमी’ असे उत्तर दिले होते. सोमवारच्या बैठकीत जे कळेल ते इथे लिहीन. मुले बोलत असताना आणखी काय टिपून ठेवावे, हे कोणी रविवारपर्यंत सुचवले तर फार मदत होईल.